टाळीची गोडी

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत श्राद्धाच्या दिवशीं दोन सख्खे बंधु पंक्तीच्या दोन टोकांस बसले आणि एकमेकांशीं अवाक्षरही बोलले नाहींत. वाटणीचा वाद नव्हता, देण्याघेण्याचा तंटा नव्हता. निवडणुकीसंबंधीं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-समूहावर दोघांनीं जें लिहिलें होतें, तेंच आड आलें. धाकटे बंधु मागाहून आम्हांस म्हणाले, "दादांचें निम्में म्हणणें मला पटतें, पण आतां तसें कबूल कसें करूं? सर्वांदेखत लिहून बसलों आहें ना!"

दुसऱ्याचें लिखाण वाचून माणसें बिथरतात, असें आपण नेहमीं म्हणतों. पण स्वतः लिहिल्यानें लिहिणाराच बदलतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं ट्विटरवरील सात हजारांहून अधिक लोकांचे सव्वा कोटीहून अधिक संदेश तपासून २०२१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्याच्या संतप्त लेखनास अधिक पसंती व प्रसार लाभला, तो पुढें अधिकच संतापून लिहूं लागला. आणि विशेष हें कीं, जहाल मंडळींत वावरणारांपेक्षां मवाळ मंडळींत वावरणारांवर या शाबासकीचा परिणाम अधिक झाला! म्हणजे "आम्ही कांहीं त्या टोकाचे नव्हे" असें म्हणणारांनींच अधिक सावध असावें.

टिळक-आगरकरांचे वाद कांहीं सौम्य नव्हते. पण 'केसरी' व 'सुधारक' हीं साप्ताहिकें होतीं. लेख आणि त्याचें उत्तर यांमध्यें कांहीं दिवस तरी जात. आज राग येणें, तो लिहिणें आणि त्यास टाळी मिळणें, हें सारें एका मिनिटांत उरकतें. मग विचारानें मागें फिरावयास अवसर कोठून मिळणार?

यावर माध्यमच सोडावें, असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत २०१८ च्या निवडणुकीपूर्वीं कांहीं लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लावून पाहिलें. त्यांच्या राजकीय मतांतील दुरावा कांहींसा कमी झाला. पण त्याबरोबर बातम्यांची माहितीही कमी झाली. तेव्हां अज्ञान पत्करून मिळविलेली शांति आम्हीं सुचवीत नाहीं. मत असावें, तें मांडावेंही. मात्र समूहावर लिहिण्यापूर्वीं, हेंच वाक्य आपण समोर पान वाढून बसलेल्या दादांस किंवा काकांस तोंडावर म्हणूं काय, एवढें मनाशीं विचारावें.

त्या धाकट्या बंधूंना आम्हीं इतकेंच सांगितलें : जेथें रागाचे शब्द लिहिलेत, तेथेंच "दादांचें अमुक म्हणणें मला पटलें" असें एक वाक्य सर्वांदेखत लिहा. त्यास टाळ्या थोड्या पडतील, हें खरें. पण त्यासाठीं पुढच्या श्राद्धाची वाट पाहूं नका.