हरलेल्या सरकारचा माज

सामान्य माणूस कोर्टात हरला की मान खाली घालून घरी जातो. महाराष्ट्र सरकार हरले की विधानभवनात जाते आणि रद्द झालेला कायदा नवे लेबल चिकटवून परत आणते! डान्स बारच्या प्रकरणात हा तमाशा 2005 ते 2019 अशी चौदा वर्षे चालला. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले. कोडगेपणा तेवढा वारसाहक्काने पुढच्याच्या पदरात पडत गेला.

2005 साली मुंबई पोलीस कायद्यात कलम 33-अ घुसडून बिअर बार आणि परमिट रूममधल्या नाचावर बंदी आली. नीतिमत्तेचा एवढा उमाळा आला होता, तर तो सगळीकडे यायला हवा होता. पण लगेच पुढच्या 33-ब मध्ये तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना सूट! बाई तीच, गाणे तेच, ठेका तोच. गिऱ्हाईक लोकलमधून उतरले तर संस्कृती बुडाली, मोटारीतून उतरले तर तरली. पाहुण्याच्या चपला पाहून पाट मांडणाऱ्या यजमानाची ही नीती!

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2006 मध्ये ही बंदी रद्द केली. सरकारने सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती आणली आणि खटला जिंकलेले लोक सात वर्षे कुलूपबंद दारापुढे बसून राहिले. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारच्या थोबाडीत दिली: समानतेचा भंग, व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा भंग. लाज असती तर प्रकरण तिथेच मिटते. जून 2014 मध्ये विधिमंडळाने चर्चेविना, एकमताने बंदी पुन्हा आणली. सूट पक्षपाती ठरली ना? मग घ्या, सूटच काढून टाकली! त्यालाही ऑक्टोबर 2015 मध्ये स्थगिती मिळाली. तोवर सत्तेवर दुसरे आले होते. त्यांनी 2016 मध्ये तिसरा कायदा केला आणि बंदीला ‘अटी’ हे सोज्वळ नाव दिले.

काय त्या अटी! शाळा-कॉलेज आणि प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर दूर असा. मुंबईत देऊळ, मशीद, चर्च किंवा शाळा नसलेला एक किलोमीटर दाखवणाऱ्या मंत्र्याचा आम्ही जाहीर सत्कार करू. नाच तिथे दारू नको. आत सीसीटीव्ही हवा. मालकाचे चारित्र्य ‘चांगले’ हवे, आणि ते ठरवणार परवाना देणारे साहेब! 17 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अटी उडवल्या. साडेअकराची वेळमर्यादा, नोटा उधळण्यावरची बंदी आणि अश्लीलतेवरची शिक्षा मात्र कायम ठेवली. नियमनाला कोर्टाचा विरोध नसतो, हे यावरून सरकारला कळायला हरकत नव्हती. 2005 पासून एकही परवाना दिला गेला नाही, याची नोंदही कोर्टालाच घ्यावी लागली.

आम्हाला डान्स बारचा लळा नाही. तिथल्या उधळपट्टीबद्दल आमचे मत वाईटच आहे. पण ज्या धंद्याची बाजू घ्यायला कोणी धजत नाही, त्याच्यावरच सरकार आधी हात साफ करून घेते. बायकांच्या प्रतिष्ठेच्या नावाने हजारो बायकांची रोजी गेली, आणि तरी ‘संरक्षणा’चा ढोल वाजतच राहिला!

हे दुखणे जुनेच आहे. ज्या मध्य प्रांत-वऱ्हाडात आपला विदर्भ होता, तिथल्या 1948 च्या कायद्याने शेतीच्या हंगामात गावोगाव विड्या वळण्यावर बंदी घालण्याची मुभा अधिकाऱ्यांना दिली. कारण काय, तर शेतावर मजूर मिळावेत. शेतात राबू न शकणारे म्हातारे, अपंग यांच्या हातची विडीही हिसकावली. सागर जिल्ह्यातले विडीवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 1950 मध्ये चिंतामणराव खटल्यात जिंकले. धंद्यावरचे निर्बंध वाजवी हवेत, हेतूच्या मानाने फाजील नकोत, हा दंडक तिथे पडला. संविधान तेव्हा वर्षाचेही झाले नव्हते!

आता व्यापाऱ्यांनाही चार शब्द सुनावतो. निरीक्षक दुकानात येऊन तोंडी दम देतो आणि तुम्ही गल्ल्याखालून पाकीट सरकवता. दर महिन्याच्या त्या हप्त्यावरच ही हुकूमशाही पोसली जाते! आदेश लेखी मागा. कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणासाठी, ते लिहून घ्या. उत्तर द्या, पोच शिक्का घ्या. अपील असेल तर मुदतीत करा. सुनावणीच न देता किंवा अधिकार नसताना हुकूम काढला असेल, तर अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये रद्द केली, तेव्हा कंपनीची बाजू ऐकून घेतली नव्हती हेही एक कारण होते. बड्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, हे मान्य. मग तुमच्या संघटना कशासाठी आहेत? दिवाळीचे स्नेहसंमेलन भरवायला? डान्स बारची लढाई हॉटेलवाल्यांच्या संघटनेने लढवली, एकट्या बारमालकाने नव्हे.

आणि सरकारने या तीन कायद्यांच्या बचावासाठी वकिलांवर किती पैसा ओतला, तो आकडा येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावा. चर्चेविना मंजुरी देणाऱ्या आमदारांची यादीही त्याच कागदाला जोडावी.