ऊसबिलातली कपात : ठेव, भांडवल की उत्पन्न?

ऊसबिल हातात पडले की आपण आधी शेवटचा आकडा बघतो. मधल्या कपाती कोण वाचतो? त्या कपातींत 'बिनपरतीची ठेव' असाही एक रकाना असायचा. परतच द्यायची नाही ती ठेव कसली, हा प्रश्न शेतकऱ्याला नाही, पण आयकर खात्याला पडला!

खात्याचे म्हणणे असे. कारखान्याने ऊस घेतला, बिलातून टनामागे काही रक्कम कापून ठेवली आणि ती परत द्यायची नाही, तर ते धंद्याचे उत्पन्नच झाले; कर भरा. कारखाने म्हणत, पैसा सभासदाचा आहे, आमचा नव्हे. सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2004 साली न्यायालयाने नुसत्या नावावर न जाता उपविधी पाहिले. रक्कम सभासदाच्या नावे जमा, पुढे तिचे शेअर करण्याची सोय. तेव्हा ते व्यापारी उत्पन्न नव्हे, असा निकाल दिला. कर बसला असता तर तो शेवटी उसाच्या दरातूनच गेला असता. कारखान्याकडे दुसरे पैसे येणार कुठून?

आता हाच घोळ शेतकरी उत्पादक कंपन्यांत दिसतो. हंगामाच्या तोंडावर खरेदीला पैसे कमी पडतात, मग संचालक आणि सभासद पदरचे टाकतात. वहीत लिहिले जाते, 'सभासदांकडून आगाऊ'. बस्स, एवढेच. हे कर्ज की शेअर?

कर्ज असेल तर व्याज कंपनीच्या खर्चात धरता येते. तुमच्या हातात मात्र ते व्याजाचे उत्पन्न, शेतीचे नव्हे. शेअर असेल तर लाभांश नफ्यातून मिळणार, तो खर्चात धरता येत नाही. आणि कंपनी बुडालीच तर आधी देणेकऱ्यांचे भागते, उरलेच तर भागधारकाला.

कर्ज किंवा ठेव 20 हजार वा त्याहून जास्त असेल तर कंपनीने ती रोखीने घेऊ नये. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. परतफेडही बँकेतूनच करावी. 'घरचीच कंपनी आहे हो' ही सबब तिथे चालत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा पैसे देण्याआधी संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागा. रक्कम कर्ज म्हणून की शेअरसाठी, व्याज किती, परत कधी, हे त्यात लिहिलेले हवे. प्रत हातात येईपर्यंत चेकवर सही करू नका.