विश्लेषण : घोरणाऱ्या मुलाची नोंद कोणत्या रकान्यात?

जव्हार, मोखाड्यातल्या मुलांच्या आरोग्याची चर्चा वजनकाट्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. १९९२-९३मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले, तेव्हापासून हे असंच आहे आणि त्याला सबळ कारणही आहे. पण वजन न वाढण्याचं एक कारण नाकातही असू शकतं, हे मात्र सहसा बोललं जात नाही.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात ॲडिनॉइड नावाची गाठ असते. साधारण तीन ते सात या वयात ती मोठी असते, पुढे आपोआप आकसते. वारंवार सर्दी-पडसं झालं की ती सुजते. चुलीचा धूर कोंडणाऱ्या घरात हे अधिक संभवतं. नाक बंद झालं की मूल तोंडाने श्वास घेतं आणि रात्री घोरतं. मधेच काही सेकंद श्वास अडतो, मग धाप लागल्यासारखं दचकून परत सुरू होतो. घरचे म्हणतात, ‘गाढ झोपलंय.’ खरं तर ते रात्रभर झगडत असतं.

वजनाशी संबंध काय?

श्वास ओढण्यातच शक्ती खर्च होते. नाक बंद असल्याने जेवताना दम लागतो, चव कळत नाही, ताट अर्धं राहतं. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं आणि इथे गाढ झोपच मोडलेली. शिवाय हीच सूज कानाची नळी दाबते, पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. असं मूल वर्गात पेंगतं, हाक मारली तर वळत नाही. मग त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो.

प्रत्येक घोरणं आजार नाही. सर्दीत चार दिवस घोरणं चालायचंच. सर्दी नसतानाही आठवड्यात तीन-चार रात्री मूल घोरत असेल, श्वास अडत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. तोवर कानात गरम तेल घालू नका. दुकानातले नाक मोकळं करणारे थेंब मनाने देऊ नका. असे थेंब आठवडाभराहून जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

आता दाखवायचं कुठे? ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या तीस खाटांच्या रुग्णालयासाठी केंद्राचे जे निकष आहेत, त्यांत भर फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोग, बालरोग आणि भूलतज्ज्ञांवर आहे. कान-नाक-घसा त्याच्या वरच्या पायरीवर. म्हणजे इथे पद रिक्त असल्याची तक्रारही करता येत नाही. मोखाड्याहून तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठायचं, म्हणजे एका तपासणीसाठी पूर्ण दिवसाची मजुरी बुडवायची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरमधूनच झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी होते. मूळच्या तीस आजारांच्या यादीत कान वाहणं आणि बहिरेपण आहे, झोपेतला श्वास नाही. आणि पथक जातं दिवसा. हा आजार ऐकू येतो रात्री.

रात्री ऐकणारा माणूस मात्र आपल्याकडे आहे : आश्रमशाळेचे अधीक्षक, अधीक्षिका. पन्नास मुलं एका खोलीत झोपतात, त्यातलं कोण घोरतं हे त्यांना तपासणीशिवाय ठाऊक असतं. माझ्यासारख्या इंजिनीअरिंग करून आलेल्याला हे फुकट मिळालेल्या सेन्सरसारखं वाटतं, फक्त त्याचं रीडिंग कुणी घेत नाही. पथकाने अधीक्षकांना तीनच प्रश्न विचारावेत. रोज घोरतं का? श्वास अडतो का? तोंड उघडं ठेवून झोपतं का? याला ना यंत्र लागतं, ना निधी.

‘शोधून करायचं काय, डॉक्टर कुठे आहे?’ हा आक्षेप रास्त आहे. पण बऱ्याच मुलांना वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहून दिलेल्या नाकाच्या स्प्रेने आणि सर्दी-ॲलर्जीच्या उपचाराने आराम पडतो, सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. उरलेल्यांसाठी जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तज्ज्ञ यावा. यादी हातात असेल तर ही मागणी नाकारणं अवघड जाईल. मोठ्यांच्या घोरण्याचा, रक्तदाबाशी असलेल्या त्याच्या नात्याचा विषय वेगळा. त्यांना लागणारं सीपॅप यंत्र रात्रभर वीज मागतं, एवढंच इथे नोंदवतो.

तारीख ठरवताना एक लक्षात ठेवावं लागेल. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे निघतात, बरोबर लहानगीही जातात. जानेवारीत दिलेली शस्त्रक्रियेची तारीख कागदावरच राहते. जून ते ऑक्टोबर हीच खिडकी आहे, आणि पावसात घाट उतरून-चढून नाशिक गाठायला लावण्यापेक्षा एका डॉक्टरने जव्हारला येणं केव्हाही सोपं.