विंडोज बदललं आणि डीव्हीडी ड्राइव्ह गायब? बिघाड नेमका कुठे आहे, असं ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यामुळे कुणी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतंय, तर कुणी थेट नवा लॅपटॉप. आणि अशातच एखाद्या रविवारी आई म्हणते, “आमच्या लग्नाची कॅसेट लाव ना रे.”

कॅसेट म्हणजे खरं तर सीडी किंवा डीव्हीडी. आपल्याकडे शूटिंगच्या डिस्कचं हे नाव अजून सुटलेलं नाही. तुम्ही डिस्क टाकता, ‘धिस पीसी’ उघडता, तर ड्राइव्हचं चिन्हच नाही! मग कुणीतरी सांगतं, “विंडोज ११ मध्ये डीव्हीडी बंद झाली भाऊ.”

हे खरं नाही. विंडोज ११ डीव्हीडी ड्राइव्ह ओळखतं. अडचण बहुतेक वेळा दुसरीकडेच असते.

आधी ओळखा: ड्राइव्ह दिसत नाही की डिस्क चालत नाही?

ड्राइव्हचं चिन्ह दिसतं, फाइल्सही दिसतात, पण व्हिडिओ लागत नाही? मग ड्राइव्ह ठणठणीत आहे. विंडोज १० आणि ११ सोबत डीव्हीडी सिनेमा चालवणारं मोफत अ‍ॅप येत नाही. व्हीएलसी टाका, काम होईल. चिन्हच नसेल, तर पुढे वाचा.

ड्राइव्ह दिसतच नसेल तर या क्रमाने तपासा

१. ट्रे उघडतो का? बटण दाबल्यावर ट्रे बाहेर आला, तर ड्राइव्हला वीज मिळतेय. डेस्कटॉप असेल तर डेटा केबल ढिली असू शकते. स्विच बंद करून, प्लग काढून मगच केबल पुन्हा नीट बसवा.

२. लॅपटॉपवर आधी एसएसडी बसवून घेतली होती का? अनेकदा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच खाचेत कॅडी लावून दुसरी डिस्क बसवतात. बाहेरून झाकण तसंच दिसतं, आत ड्राइव्ह नसतोच! दुकानदाराला विचारा, काढलेला ड्राइव्ह त्याच्याकडे असू शकतो.

३. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर हब काढा. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. डिस्क फिरवायला या ड्राइव्हला बरीच वीज लागते, एका पोर्टला ती कधी कधी पुरत नाही. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही लावा.

४. बायोसमध्ये पाहा. कॉम्प्युटर सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबा (कंपनीनुसार की बदलते). तिथे आतल्या ड्राइव्हचं नाव दिसलं, तर दोष विंडोजचा. नाही दिसलं, तर केबल, वीज किंवा ड्राइव्ह यांपैकी एकाचा, आणि तिथे ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही.

५. डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे ड्राइव्हवर पिवळी खूण असेल तर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज ड्राइव्ह नव्याने शोधतं. तरीही कोड १९ किंवा ३९ आला, तर जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत ठेवलेल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी अडथळा करत असू शकतात. रजिस्ट्रीत एक चूक झाली तर विंडोजच अडकतं, म्हणून आधी बॅकअप घ्या किंवा जाणकाराला सोबत बसवा.

६. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक, तरी ‘धिस पीसी’त काही नाही? डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला एखादं अक्षर द्या.

मग घाई कशाची?

ड्राइव्ह दुरुस्त होईल, नवा यूएसबी ड्राइव्हही अजून बाजारात मिळतो. डिस्क मात्र नवी मिळणार नाही. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि माहिती त्यातच साठते. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो थर लवकर खराब होतो. आता आपला उन्हाळा आठवा. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा अकोल्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. टिनाच्या खोलीतली पेटी किंवा कूलरसमोरची आलमारी डिस्कसाठी वाईटच.

बाजारही पाठ फिरवतोय. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. नव्या लॅपटॉपमध्ये तर ड्राइव्हची खाच क्वचितच दिसते.

म्हणून ड्राइव्ह चालू झाल्याबरोबर सिनेमा पाहत बसू नका, आधी कॉपी करा. डीव्हीडीतलं ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर अख्खं घ्या. जुन्या व्हीसीडीत ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल घ्या. दोन्ही व्हीएलसीत चालतात. मोबाईलसाठी हँडब्रेकने एमपी४ करा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी क्लाउडवर ठेवा.

कॉपी झाली तरी डिस्क फेकू नका

डिस्कवर लग्नच असतं असं नाही. जागेच्या वादाचं किंवा मोजणीचं शूटिंगही असू शकतं. आपल्या शेजारच्या जालन्याचं प्रकरण बघा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांनी निकालाला आव्हान दिलं. पुराव्यात निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडी होत्या. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ साधन हजर करता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही अट आहे. त्यामुळे अशी डिस्क जपून ठेवा, कुणी आणि कधी शूट केलं ते लिहून ठेवा आणि वकिलांना दाखवा.

लग्नाच्या डिस्कवर मात्र कुठलं प्रमाणपत्र लागत नाही. त्यात हळदीच्या मांडवात हसणाऱ्या आजीचा आवाज असेल, तर त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. मे महिना लागायच्या आत ती काढून घ्या.