‘टुटू’ची तबकडी

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस साठीला टेकले असताना, 1986 मध्ये, त्यांचा ‘टुटू’ हा अल्बम आला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी असलेलं तीन दशकांचं नातं संपवून ते नुकतेच वॉर्नरकडे आले होते. मार्कस मिलर यांनी बहुतेक रचना केल्या आणि सिंथेसायझर, ड्रम मशीन, बास अशी बरीच वाद्यं स्वतःच वाजवली. त्यावर माइल्सचा ट्रम्पेट चढला. ‘हा कसला जॅझ, हे तर यंत्रसंगीत’ अशी ओरड तेव्हा झाली.

ही ओरड अन्यायाची होती. शीर्षकरचनेत यंत्राचा ठोका जराही हलत नाही, आणि म्यूट लावलेला ट्रम्पेट त्याच्या मागेपुढे रेंगाळतो. तो ताण हाच या संगीताचा जीव.

आता हा अल्बम पुन्हा विनाइलवर मिळतो, ते योग्यच झालं. अर्विंग पेन यांनी टिपलेला माइल्सचा चेहरा बारा इंची कव्हरवरच पाहावा. एइको इशिओका यांना त्या कव्हरच्या मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं होतं. सीडीच्या डबीत तो चेहरा आक्रसतो.

अल्बमला नाव दक्षिण आफ्रिकेतल्या आर्चबिशप डेस्मंड टुटूंचं. शेवटची ‘फुल नेल्सन’ ही रचना तेव्हा तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांसाठी. नव्या आवृत्त्यांनी बोनस ट्रॅकच्या मोहात टुटूंपासून मंडेलांपर्यंतचा हा क्रम मोडू नये.