ज्ञानगंगेत वाघाची कोंडी नको

ज्ञानगंगा अभयारण्यात वाघ दिसलाच पाहिजे, या हट्टापायी सफारीची वाहने त्याच्या वाटेत उभी राहणार असतील, तर अशी सफारी बुलढाण्याला नको.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले. मागच्या सीटवरून ‘अजून थोडी पुढे घ्या ना’ म्हणणारा पर्यटक मात्र छायाचित्रे घेऊन घरी जातो. त्याच्या बक्षिशीवर ज्याची चूल पेटते, तो चालक त्याला नाही कसे म्हणणार?

ज्ञानगंगेत अशा घेराबंदीचे मोल अधिक मोजावे लागेल. टिपेश्वरचा ‘टी१-सी१’ वाघ २०१९ मध्ये तेलंगणातूनही फिरत, शेते, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून येथे पोहोचला. अवघ्या २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलाभोवती शेतशिवार आहे. वाहनांना बुजून बाहेर पडलेला वाघ थेट कपाशीच्या रानात उतरेल. तिथे जिप्सी नसते, वेचणीला वाकलेली बाई असते.

वन्यजीव विभागाने फेरीमागे वाहनांची संख्या, वाघापासूनचे किमान अंतर आणि थांबण्याची वेळ प्रवेशद्वारावर मराठीत ठळक लावावी. दंडाची पावती पर्यटकाच्याही नावे फाटावी, आणि हे सारे पावसाळ्यानंतरची पहिली जिप्सी आत सोडण्यापूर्वी व्हावे.