गावं उठली, आता रुळांची पाळी

अकोट ते आमला खुर्द रेल्वे मेळघाटातल्या जुन्या वाटेनंच न्यावी, असा सूर आमच्या अकोट-तेल्हारा भागात पुन्हा पुन्हा निघतो. जमीन रेल्वेच्या ताब्यात आहे, काम लवकर उरकेल, हा त्यामागचा हिशेब. मी हिवरखेडची शेतकरी. रेल्वे मलाही हवी. आज माझा संत्रा ट्रकवाल्याच्या भावानं जातो. पण ती जंगलातून नको, आमच्या गावांवरून हवी. आणि गावांवरून येताना तिनं गावाच्या सामाईक जागा गिळू नयेत, हेही तितक्याच ठामपणे सांगायचं आहे.

जुनी मीटरगेज आम्हाला परकी नव्हती. वान रोड, धूळघाट ही स्टेशनं आमच्या बोलण्यात होती. धूळघाटला गाडी चढ चढताना वेटोळं घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जाते, हे पाहायला आम्ही पोरं खिडकीशी भांडायचो. जयपूरकडची मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेनं यायची. 2017 च्या सुरुवातीला ती वाट बंद झाली. 2022 मध्ये अकोला-अकोट ब्रॉडगेज सुरू झाली, तिचा आनंद मोठाच होता. पुढचा दुवा मात्र तुटलेला राहिला, कारण त्यातले जवळपास 40 किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून जातात.

ब्रॉडगेज म्हणजे फक्त रूळ रुंद करणं नव्हे. चढ कमी करायला डोंगर पुन्हा फोडावे लागतात, भराव वाढतात, बोगदे नव्यानं करावे लागतात. मग रात्रंदिवस लांबलचक मालगाड्या वेगानं धावतात. 2018 मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. ती वाटही जुनीच होती.

पण माझं मत वाघापेक्षा माणसांमुळे पक्कं झालं. 1974 पासून मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यातून आमच्या बाजूला किती गावं खाली आली पाहा: अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. बहुतेक कोरकू कुटुंबं. कुटुंबामागे 10 लाख रुपये हा बऱ्याच जणांचा मोबदला. त्यासाठी त्यांनी मोहाची झाडं सोडली, देव सोडले, पुरलेली माणसं सोडली. खाली आल्यावर शेतीसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी भांडावं लागलं; काही कुटुंबं रागानं परत जंगलात गेली, आणि 2019 च्या जानेवारीत तिथं संघर्षही पेटला. आमच्याकडे निंदणाला येणारी एक बाई मला म्हणाली, "आमी वाघासाठी गाव सोडलं, मंग गाडीले काऊन सोडवत नाई?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि जुन्या वाटेचा आग्रह धरणाऱ्या कुणाकडेही नसावं. ज्या जंगलात कोरकू माणसाची झोपडी चालत नाही, तिथं मालगाडी चालते, असं सरकार कोणत्या तोंडानं सांगणार?

पर्याय आहे. अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुवरदेव, खकनारवरून तुकईथडला जाणारा मार्ग सुमारे 30 किलोमीटरनं लांब पडतो. 2021 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून हाच मार्ग मागितला होता. जंगलातल्या वाटेवर तिकीट काढणारं कोण आहे? इथं कापूस, संत्रा, केळी आहे, बाजाराची गावं आहेत. वेळेचं कारण मला पटत नाही. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून आपण 2022 मध्ये विक्रम केला. हात चालवायचे ठरवले की चालतात.

आता आमच्या गावांचं. वऱ्हाडात कोणताही प्रकल्प आला की पहिली नजर गावाच्या सामाईक वापरातल्या ई-क्लास जमिनीवर पडते, कारण तिथं कुणाचा सातबारा आडवा येत नाही. पण गावातल्या भूमिहीनाच्या शेळ्या तिथंच चरतात, पोळ्याला बैल तिथंच उभे राहतात, बाजार तिथंच भरतो. खडी-मुरूम साठवायला म्हणून घेतलेली जागा मग कायमचीच जाते. दुसरी गोष्ट शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांची. भराव पडला की पांदण तुटते. बदल्यात मिळणाऱ्या भुयारी मार्गात पावसाळाभर कमरेइतकं पाणी साचतं, आणि पेरणीच्या दिवसांत बैलगाडीला कोसभर वळसा पडतो. माझ्या धुऱ्यावरून रूळ गेले तर मी रास्त मोबदला घेऊन जमीन देईन. पांदण आणि ई-क्लास मात्र माझ्या एकटीच्या नाहीत, त्या द्यायच्या की नाही, हे ग्रामसभेनं ठरवायला हवं.

सोनाळ्याला तर जास्तच जपावं लागेल, कारण अंबाबरवा अभयारण्य गावाजवळच आहे. तिथं जनावरांसाठी रुळांखालून रुंद वाटा हव्यात, आणि त्या पहिल्या नकाशातच असाव्यात. पेंचमध्ये नागपूर-शिवनी महामार्गाखाली अशा नऊ वाटा झाल्या, सर्वांत मोठी 750 मीटरची. वाघ, चितळ त्यांतून ये-जा करतात, याचे फोटो आहेत. पण त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. इथं ती वेळ येऊ नये.

म्हणून पहिला खुंटा ठोकण्याआधी अडगावपासून जामोदपर्यंत प्रत्येक गावच्या ग्रामसभेत मोजणीचा नकाशा मराठीत लावा. त्यावर पांदणी, नाले, ई-क्लास आणि प्राण्यांच्या वाटा वेगळ्या रंगात दाखवा. त्या सभेला जंगलातून खाली आलेल्या गावांनाही बोलवा. गाव उठणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.